शब्बाथ, सण आणि तेफिलाच्या वेळा मोबाइलवर : बेने इस्राएल घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. नवीन वर्ष जवळ आलं की आमच्या ठाण्याच्या घरी फोन सुरू होतात. पेणहून आत्ये विचारते, पुण्याहून भाचा विचारतो, इस्राएलमधल्या अश्दोदहून मामेबहीण रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर आवाज पाठवते. शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस), सण आणि तेफिला, म्हणजे प्रार्थना, यांच्या वेळांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवली. उदाहरणं हिब्रू कॅलेंडरच्या ५७८७ या वर्षाची घेतली आहेत. हे वर्ष शुक्रवार, ११ सप्टेंबर २०२६ च्या संध्याकाळी लागतं.

मोबाइल रोश हशाना (नवीन वर्षाचा सण) १२ सप्टेंबरला दाखवतो, काकी म्हणते ११ ला. खरं कोणाचं?

दोघांचंही. आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि मोबाइलची तारीख मध्यरात्री बदलते. म्हणून १ तिश्री (वर्षाचा पहिला दिवस) ११ तारखेच्या संध्याकाळी लागते आणि १२ तारखेच्या संध्याकाळी संपते. बरीच ॲप फक्त दिवसाची तारीख दाखवतात, काही आदल्या संध्याकाळी ‘एरेव’ अशी वेगळी नोंद ठेवतात. सेटिंगमध्ये ती नोंद चालू करून घ्या. ऑफिसात रजा टाकताना तर हे हमखास विसरतं. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास, सोमवारी, २१ सप्टेंबरला आहे, पण उपास रविवारी संध्याकाळीच लागतो.

११ तारखेबद्दल आणखी एक सांगते. सोमवारी, १४ ला गणेश चतुर्थी आहे. अलिबाग-पेणला घरी जाऊन सण करणार असाल तर त्या शुक्रवारी गणपतीला निघालेल्या गाड्यांनी रस्ता भरलेला असेल. सूर्यास्त पावणेसातच्या सुमाराला आहे. दुपारचं जेवण ठाण्यात उरकून निघायचा बेत करू नका, सकाळीच निघा.

शब्बाथचे दिवे लावायची वेळ मोबाइल फारच लवकरची दाखवतोय. बिघडलंय का काही?

आधी ठिकाण बघा. दहातल्या नऊ तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

आमच्याकडे झालेलं सांगते. नवीन फोन घेतला, ॲप टाकलं, लोकेशनची परवानगी द्यायची राहिली. डिसेंबरातला शुक्रवार होता. चार वाजून छत्तीस मिनिटांनी फोन वाजला : दिवे लावा. बाहेर चांगलं ऊन होतं, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते. पण ॲप म्हणतंय म्हणून आईने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला, दिवे लावले, बेराखा (आशीर्वचन) म्हटली. अर्ध्या तासाने वडील आले आणि म्हणाले, आज सूर्य सहाला मावळणार आहे, एवढी घाई कसली?

शोधल्यावर उलगडा झाला. अख्ख्या भारताचा टाइमझोन फोनमध्ये ‘एशिया/कोलकाता’ या नावाने असतो. लोकेशन न मिळाल्यामुळे ॲपने त्यावरूनच आम्हाला कोलकात्यात बसवलं होतं. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण कोलकाता मुंबईच्या पूर्वेला साडेपंधरा अंशांवर आहे. डिसेंबरात तिथे पाचच्या आतच सूर्य मावळतो, इथे सहानंतर. हा तास-सव्वा तासाचा फरक नुसता गैरसोयीचा असता तर चाललं असतं. पण शब्बाथचे दिवे ‘प्लाग हामिन्हा’च्या (सूर्यास्ताच्या साधारण सव्वा तास आधीची वेळ, हिशेब पुढे आहे) आधी लावले तर ते धरले जात नाहीत, आणि त्या दिवशी मुंबईचा प्लाग पाचला पाचेक मिनिटं कमी असताना होता. म्हणजे आईचे दिवे पंधरा-वीस मिनिटं आधीचे. सूर्यास्ताला अजून अवकाश होता म्हणून ते पुन्हा लावता आले, एवढंच.

तेव्हा ॲप टाकल्यावर पहिलं काम : शहराचं नाव हाताने लिहा आणि आजचा सूर्यास्त दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी ताडून पाहा. मुंबई, ठाणे, अलिबाग यांच्यात मिनिट-दोन मिनिटांचाच फरक पडतो. पुण्यात सूर्य मुंबईच्या चारेक मिनिटं आधी मावळतो, नागपुरात ऋतूप्रमाणे वीस ते तीस मिनिटं आधी. मुलगी नागपूरला शिकत असेल तर तिला मुंबईचा तक्ता पाठवू नका.

दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधीच का?

तो रिवाज आहे आणि जगभर बहुतेक ठिकाणी तोच चालतो. जेरुसलेममध्ये ४० मिनिटं आधी लावतात, हैफात ३०. ॲपमध्ये हा आकडा बदलता येतो. तुमच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) वेगळा पाळत असतील तर तो घाला.

मात्र सणाची दुसरी रात्र वेगळी. १२ सप्टेंबरला, शनिवारी रात्री ॲप सव्वासातच्या सुमाराची वेळ दाखवेल. ती चूक नाही. पहिला दिवस संपून तारे दिसल्यावरच दुसऱ्या दिवसाचे दिवे लावायचे असतात, तेही आधीपासून जळत असलेल्या ज्योतीवरून. त्यासाठी शुक्रवारीच एक मोठा दिवा भरून ठेवा, दोन रात्री पुरेल एवढं तेल घालून.

‘तिसरा तास’, ‘चौथा तास’ म्हणजे किती वाजता?

हा माझा आवडता प्रश्न आहे. तेफिलाच्या वेळा ज्या तासात मोजतात तो ६० मिनिटांचा नसतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे बारा सारखे भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे एक तास. दिवस मोठा तर तास मोठा.

मुंबईचंच घ्या. २१ जूनच्या सुमाराला सूर्य ६:०२ ला उगवतो, ७:१८ ला मावळतो. दिवस झाला १३ तास १६ मिनिटांचा, आणि बाराने भागल्यावर एक तास आला ६६ मिनिटांचा. सकाळचा शेमा, म्हणजे ‘ऐक, इस्राएल’ हा पाठ, तीन तासांच्या आत म्हणायचा, म्हणजे ९:२१ पर्यंत. २१ डिसेंबरला सूर्य ७:०८ ला उगवतो, ६:०५ ला मावळतो. तास होतो जेमतेम ५५ मिनिटांचा आणि शेमाची मुदत जाते ९:५२ वर. शाहारिथला, म्हणजे सकाळच्या तेफिलाला, चार तास. साडेसहा तासांनंतर मिन्हा (दुपारची तेफिला) म्हणता येते, आणि वर ज्याचा उल्लेख आला तो प्लाग पावणेअकरा तासांवर.

सहावा तास संपतो तो मध्यान्ह, ‘हात्सोथ’. तो दुपारी बाराला असेल असं धरून चालू नका. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि मुंबई ७३ अंशांच्याही थोडी अलीकडे, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो साधारण १२:२० ते १२:५५ च्या दरम्यान, दिवसानुसार. जेवणाच्या सुट्टीत, एक वाजता उठून ऑफिसच्या कोपऱ्यात मिन्हा म्हणणाऱ्यांनी हे मुद्दाम बघावं. हात्सोथवर अर्धा तास गेल्याशिवाय मिन्हाची वेळच होत नाही, आणि फेब्रुवारीत ती सव्वा वाजून गेल्यावर येते.

ॲपमध्ये एकाच शेमाच्या दोन वेळा दिल्यात. कुठली धरू?

एका मताने दिवस सूर्योदय ते सूर्यास्त, दुसऱ्या मताने पहाट फुटल्यापासून रात्र पडेपर्यंत. पहाट सूर्योदयाच्या ७२ मिनिटं आधी आणि रात्र सूर्यास्तानंतर ७२ मिनिटांनी धरली, तर दुसऱ्या मताची मुदत पहिलीच्या ३६ मिनिटं आधी येते. जमेल तेव्हा आधीची गाठा, चुकली तर नंतरची आहेच.

शब्बाथ सुटायच्या वेळेचंही तसंच. कुणी सूर्य क्षितिजाखाली साडेआठ अंश गेला की तारे दिसले असं मानतात, कुणी सूर्यास्तानंतर ७२ मिनिटं थांबतात. मुंबईत साडेआठ अंशांना पस्तीसेक मिनिटं लागतात, कारण आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. लंडनला गेलेल्या भाच्याला उन्हाळ्यात हाच हिशेब पुष्कळ लांबलेला दिसेल.

सण दर वर्षी सरकतात, मग मध्येच एकदम महिनाभर पुढे का जातात?

अधिक महिन्यामुळे. मराठी माणसाला हे समजावताना मला कधीच अडचण आली नाही, कारण पंचांगात आपण तेच पाहत वाढलो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दर वर्षी अकरा दिवस मागे पडतात, ते भरून काढायला महिना वाढवायचा. फरक एवढाच की हिंदू पंचांगात अधिक महिना वेगवेगळा येतो (२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे), तर आपल्याकडे वाढतो तो नेहमी अदार महिनाच. १९ वर्षांच्या चक्रात सात वर्षं अशी येतात : तिसरं, सहावं, आठवं, अकरावं, चौदावं, सतरावं आणि एकोणिसावं. ५७८७ ला १९ ने भागलं तर बाकी ११ उरते. म्हणजे हे अधिकाचं वर्ष, आणि तेही ३८५ दिवसांचं, सगळ्यांत लांब. पुढचा रोश हशाना थेट २ ऑक्टोबर २०२७ ला.

दोन्ही पंचांगं चंद्राला धरून चालतात, म्हणून पौर्णिमा कुठे जात नाहीत. सुक्कोथ (मांडवांचा सण) पौर्णिमेला, पेसाह (मिसरमधून सुटकेचा सण) पौर्णिमेला. पूरीम (एस्तेर राणीच्या गोष्टीचा सण) आणि होळी बहुतेक वेळा हातात हात घालून येतात. २०२६ मध्ये ३ मार्चला पूरीम होता, होळी त्याच सुमाराला होती. २०२७ मध्ये पूरीम २३ मार्चला, तर धुळवड आदल्या दिवशी. आपल्या जुन्या लोकांनी पूरीमला ‘होळीचा सण’ म्हटलं ते उगाच नव्हे.

रोश हशाना रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी कधीच येत नाही. कुठल्या ॲपने तसं दाखवलं तर ते सरळ काढून टाका.

मावशी अदार महिन्यात गेली. ५७८७ मध्ये वर्षदिन कोणत्या अदारात?

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो आणि इथे ॲपवर विसंबू नये.

समजा ती १० मार्च २०२५ ला दुपारी गेली. ती तारीख १० अदार ५७८५. पुढच्या वर्षी १० अदार आली २७ फेब्रुवारी २०२६ ला. पण ५७८७ मध्ये दोन अदार आहेत. पहिल्याची दहावी १७ फेब्रुवारी २०२७ ला, दुसऱ्याची १९ मार्चला. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचा) रिवाज पहिला अदार धरतो, सेफार्दी (मुळात स्पेनच्या ज्यूंचा) दुसरा. आपण बेने इस्राएल तेफिला सेफार्दी पद्धतीने म्हणतो, तेव्हा दुसरा धरावा, पण घरात आधीपासून वेगळं चालत आलं असेल तर हाझानना (सिनेगॉगमध्ये तेफिला चालवणाऱ्यांना) विचारून ठरवा. बऱ्याच ॲपमध्ये एकच रिवाज पक्का बसवलेला असतो आणि तो आपला नसण्याची शक्यता मोठी.

दुसरी गोष्ट, मृत्यूची वेळ. त्याच दिवशी रात्री आठला गेली असती तर तिथी ११ अदार झाली असती. तारीख बदलून देणाऱ्या पानावर ‘सूर्यास्तानंतर’ असा एक चौकोन असतो. त्यात खूण करायची राहिली की हश्काबा (मृतासाठीची प्रार्थना) आणि दिवा पुढची पन्नास वर्षं एक दिवस आधी होत राहतो. दाखल्यावरची वेळ बघूनच नोंद करा. दाखला नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारून ठेवा : दिवेलागण झाली होती का?

बहीण इस्राएलमध्ये लोदला असते. तिचा पेसाह सात दिवसांचा, आमचा आठ. दोघींना एकच कॅलेंडर चालेल का?

नाही. ॲपमध्ये ‘इस्राएल’ आणि ‘डायस्पोरा’ (इस्राएलबाहेर) असा पर्याय असतो. भारतात असाल तर डायस्पोरा. तिकडे सणाचा एकच दिवस, आपल्याकडे दोन, रोश हशाना तेवढा सगळीकडे दोन दिवसांचा आणि योम किप्पूर सगळीकडे एकाच दिवसाचा. फोन इस्राएलहून भेट आला असेल तर हा पर्याय हमखास तिकडचा असतो.

त्यामुळे पाराशाही (तोरा या धर्मग्रंथाचा त्या आठवड्याचा वाचनभाग) कधीकधी वेगळी पडते. २०२७ मध्ये शाबुओथ (तोरा मिळाल्याचा सण) ११ जूनला, शुक्रवारी आहे. आपला दुसरा दिवस शनिवारी येतो, म्हणून आपण सणाचं वाचन करतो आणि लोदमध्ये त्याच शनिवारी पुढची पाराशा वाचून होते. पुढे काही आठवडे ते एक पाऊल पुढे राहतात. बार मित्स्वासाठी (मुलगा तेराचा झाल्यावरचा विधी) मुलगा पाराशा शिकत असेल आणि विधी मुंबईत व्हायचा असेल, तर ती इथल्या कॅलेंडरवरून काढा. पोराने महिनोन् महिने घोकलेली पाराशा त्या शनिवारची नाही हे ऐन वेळी कळण्यासारखं दुःख नाही.

आजी ‘दारफाळणीचा सण’ म्हणते, ‘बिरड्याचा रोजा’ म्हणते. हे कुठल्याच ॲपमध्ये सापडत नाही.

सापडणार नाही. ते आपल्याला लिहावं लागेल, आणि लिहाच अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. त्यांच्याकडे छापील लुआख (हिब्रू पंचांग) नव्हता, हिब्रू नावं पुष्कळशी विस्मरणात गेली होती, पण दिवस पाळले जात होते आणि त्यांना मराठी नावं होती. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, कारण दारं बंद करून घरात राहायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पेसाहचं जुनं नाव अनाशी ढाकायचा सण, आंबवणाचं भांडं झाकून ठेवण्यावरून. आणि आब महिन्याच्या नवमीचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण त्या सुमाराला वालाचं बिरडं जेवायचं.

बिरडं करायचं तर वाल आधी भिजवावे लागतात, मोड आणावे लागतात, मग एकेक दाणा बोटांत धरून सोलायचा. यात दोन-अडीच दिवस जातात. म्हणून माझ्या फोनमध्ये आब नवमीच्या तीन दिवस आधी एक नोंद आहे : ‘वाल भिजत घाल.’ २०२७ मध्ये उपास १२ ऑगस्टला आहे, ११ च्या संध्याकाळपासून. बाहेरून घेतलेल्या कॅलेंडरमध्ये अशी नोंद येणं शक्य नाही. नवीन नोंद करताना ती हिब्रू तारखेवरून पुनरावृत्त होईल अशी करा. इंग्रजी तारखेवरून केली तर पुढच्या वर्षी वाल भलत्याच आठवड्यात भिजतील.

एलियाहू हनाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) मलिद्याचंही तसंच. तो ज्या सणाला करतात तो तू बिश्वात (झाडांचं नवीन वर्ष) २०२७ मध्ये २३ जानेवारीला आहे आणि तो शनिवार आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहूच्या ठिकाणी, जायचा बेत असेल तर शब्बाथला गाडी नाही, हे ॲप सांगणार नाही. घरच्यांशी बोलून दिवस ठरवा, मग पोहे, गूळ, खोबऱ्याची यादी करा.

सणाच्या दिवशी काय करायचं, काय नाही, हे ॲपला कळतं का?

थोडंफार. उदाहरणार्थ, ५७८७ मध्ये रोश हशानाचा पहिला दिवस शनिवारी आहे, त्यामुळे शोफार (मेंढ्याचं शिंग) शब्बाथला नाही, फक्त रविवारी, १३ ला फुंकला जाईल. लहान मुलांना शोफार ऐकवायला नेणार असाल तर रविवारी न्या.

डिसेंबरात पावसाची प्रार्थना सुरू करा म्हणतंय!

बरोबर म्हणतंय. इस्राएलबाहेर ती ४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून सुरू होते, आणि इंग्रजी लीप वर्षाच्या आदल्या वर्षी ५ पासून. कोकणात तेव्हा भात कापून झालेला असतो आणि आंब्याला मोहोर धरायला लागलेला असतो. त्या दिवसांत पाऊस मागताना जीभ अडखळते खरी, पण हा रिवाज बाबेलच्या (बॅबिलोनच्या) शेतीवरून आलेला आहे. तुमच्या सिद्दुरात (तेफिलाच्या पुस्तकात) आणि सिनेगॉगमध्ये जसं म्हणतात तसं म्हणा.

ओमेर (पेसाह ते शाबुओथपर्यंतचे ४९ दिवस) मोजायचा विसरतो.

रात्री साडेआठचा गजर लावा, पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ रात्री. २०२७ मध्ये सुरुवात २२ एप्रिलच्या रात्री. रात्री राहिलं तर दुसऱ्या दिवशी उजेडात बेराखाशिवाय मोजा आणि त्या रात्रीपासून नेहमीसारखं चालू ठेवा. अख्खा दिवस राहून गेला तर पुढे मोजत राहायचं, फक्त बेराखा म्हणायची नाही.

पावसाळ्यात तारे दिसत नाहीत. उपास कधी सोडायचा?

ॲपची वेळ धरा. तम्मूझ महिन्याचा उपास आणि बिरड्याचा रोजा दोन्ही भर पावसात येतात, आणि कोकणात त्या दिवसांत सूर्य मावळला हेसुद्धा कोंबड्यांवरून ओळखायचं. खरं तर इथेच या गणिताचे उपकार सगळ्यांत जास्त वाटतात. योम किप्पूर आणि आब नवमी सोडून बाकीचे उपास पहाटेपासून असतात. ती वेळही आदल्या रात्रीच बघून ठेवा.

सिनेगॉगच्या पत्रकात वेगळी वेळ आहे.

पत्रकाचं ऐका. पाच-सात मिनिटांचा फरक बहुधा जपून धरलेला असतो, म्हातारी माणसं जिने चढून येईपर्यंतचा. फरक अर्ध्या तासाहून जास्त असेल तर हाझानना फोन करा, छपाईत चूक असू शकते.

कुठलं ॲप वापरू?

मी हेबकॅल वापरते. शहर निवडता येतं, दिव्यांची मिनिटं बदलता येतात, वर्षदिन काढता येतो आणि सगळं फोनच्या कॅलेंडरमध्ये उतरवता येतं. मराठी नाही, ती उणीव आहेच. दुसरं वापरत असाल तर ठिकाण, १८ मिनिटं आणि डायस्पोरा या तीन गोष्टी तपासा.

शब्बाथला फोन हातात घेत नाही. मग वेळा बघायच्या कशा?

गुरुवारी रात्री छापून. मी वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या शुक्रवारांचा तक्ता एका कागदावर काढते, हाताने मराठी नावं लिहिते आणि स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी त्याच खिळ्याला अडकवते. सणांना दोन-तीन दिवस सलग फोन बंद असतो, तेव्हा दुसऱ्या रात्रीच्या दिव्यांची वेळ, हब्दालाची (शब्बाथ संपवायच्या विधीची) वेळ, सगळं त्यावरच. अक्षर मोठं ठेवा. आईला चष्म्याशिवाय ओट्यापासून वाचता आलं पाहिजे, कारण शुक्रवारी त्या वेळी तिचे हात पिठाचे असतात.